नवा साबण बाबांचा

आमच्या घरी नवा साबण बाबा उघडायचे. वरचा कागद तेच काढायचे, त्याची घडी घालून कपड्यांच्या कपाटात वासासाठी ठेवायचे, आणि पुढचे आठ-दहा दिवस तो साबण फक्त त्यांचा. वडीवरची अक्षरं पुसली गेली, ती हाताला पातळ लागू लागली की साबण आम्हा भावंडांकडे यायचा. आधी भावाकडे, मग माझ्याकडे. माझ्यापर्यंत येताना त्याची मधे वाकलेली चकती झालेली असे. ती मोडली की तुकडे आईचे. आई ते तुकडे जुन्या पायमोज्यात भरायची, वर गाठ मारायची आणि त्या पुरचुंडीनं अंघोळ करायची. मी लग्न होऊन घराबाहेर पडेपर्यंत आईला अख्ख्या साबणानं अंघोळ करताना पाहिलेलं नाही.

आम्ही गरीब होतो म्हणून हे चालायचं, असं कुणाला वाटेल. तसं नव्हतं. हैदराबादेत काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या अंगाला आमच्या दोन खोल्या होत्या आणि बाबांना एका कंपनीच्या गोदामावर कायमची नोकरी होती. पाहुणे आले की त्यांच्यासाठी कपाटातून कागदासकट नवी वडी निघायची. जाताना पाहुणे म्हणायचे, तुमच्याकडे बाकी सगळं कसं नीटनेटकं. बाबा मान हलवायचे. पाहुणे गेल्यावर ती त्यांनी एक-दोनदा वापरलेली वडी बाबांच्या साबणदाणीत जायची.

तेलाचंही असंच. बाबांना तळणाची फार आवड. मिरची भजी, पुऱ्या, मुगाचे वडे; आठवड्यातून दोनदा तरी कढई चढायचीच. फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल बेगम बाजारातून डब्यानं यायचं. डबा बाबा स्वतः आणायचे आणि तेल किती उरलंय ते स्वतः वाकून बघायचे. तळण झालं की आई तेल निवू द्यायची, जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळायची आणि एका पितळी डब्यात भरायची. त्या तेलात पापड, कुरडया तळल्या जायच्या. मग त्याच तेलाची भाजीला फोडणी. पण जुन्या तेलानं बाबांच्या छातीत जळजळायचं. म्हणून आई दोन फोडण्या करायची. बाबांची भाजी छोट्या पातेल्यात, ताज्या तेलाची. आमची मोठ्या पातेल्यात, गाळलेल्या तेलाची. भाजी एकच, पातेली दोन. रोज. आमच्या छातीत जळजळतं का, हे कुणी विचारलं नाही.

हे तेलही काळं पडलं, चिकट झालं, कढईत फेस धरू लागलं की आई त्याचा कपडे धुण्याचा साबण करायची.

ती कल्पना बाबांची. गोदामावरच्या कुणीतरी त्यांना सांगितलं होतं की कॉस्टिक सोडा आणि वापरलेलं तेल मिळून साबण होतो. बाबा एका संध्याकाळी पुडा घेऊन आले आणि आईच्या पुढ्यात ठेवून म्हणाले, करून बघ. कसं करायचं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. आईनं पहिल्यांदा ॲल्युमिनियमच्या पातेल्यात घातलं. पातेलं फसफसलं, काळं पडलं, त्याला भोकं पडली आणि आई त्या धुरानं खोकत बाहेर गॅलरीत आली. बाबांनी पातेल्याबद्दल तिला दोन दिवस ऐकवलं. मग आई स्वतःच शिकली. प्लॅस्टिकची बादली, लाकडी उलथनं, सोडा थोडाथोडा पाण्यात सोडायचा, पाणी निवलं की गाळलेलं तेल त्यात धारेनं ओतायचं आणि एकाच दिशेनं ढवळत राहायचं. तासभर, कधी दीड तास. पिठल्यासारखं घट्ट झालं की ते लाकडी ट्रेमध्ये ओतायचं. दुसऱ्या दिवशी सुरीनं वड्या. मग महिनाभर माळ्यावर वाळवण.

त्या साबणाला तळणाचा वास यायचा. कितीही खळबळून काढलं तरी माझ्या शाळेच्या पांढऱ्या ब्लाउजला शिळ्या भज्यांचा वास. आठवीत असताना बाईंनी पाचव्या बाकाजवळ थांबून विचारलं की कुणी डब्यात भजी आणली आहेत का. कुणीच आणली नव्हती. माझ्या शेजारची मुलगी तोंडावर रुमाल धरून हसली आणि माझ्याकडे बोट दाखवलं. बाई माझ्याजवळ वाकल्या, काय ते त्यांना समजलं आणि त्या फळ्याकडे गेल्या. वर्ष संपेपर्यंत मला त्या वर्गात 'भजी' सोडून दुसरं नाव नव्हतं.

घरी येऊन मी आईवर ओरडले. बाबांवर नाही, आईवर. पुढच्या वेळी तिनं साबणात लिंबाची साल वाटून घातली. त्यानं लिंबू आणि भजी असा दोन्हींचा वास येऊ लागला.

आणि एक दिवस सोड्याचं पाणी तिच्या उजव्या मनगटावर उडालं. मी तिथेच होते, ढवळायच्या कामाला. आईच्या तोंडून आवाज निघाला तो मी आधी कधी ऐकला नव्हता. तिनं उलथनं टाकलं आणि मोरीकडे धावली. बाबा बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. ते दारापर्यंत आले, मोरीत नळाखाली हात धरून बसलेल्या आईकडे बघितलं, बादलीकडे बघितलं आणि मला म्हणाले, "तू ढवळ. थांबलं तर फाटेल, सगळं तेल वाया जाईल."

मी ढवळलं. तेरा वर्षांची होते, पण तेरा वर्षांच्या मुलीला आईचा हात दिसतो. तरी मी ढवळत राहिले. आईच्या मनगटावर नंतर फोड आले, ते फुटले, पिकले. तिनं त्यावर खोबरेल लावलं आणि वरून बांगड्या चढवल्या. डॉक्टरकडे नेण्याचा विषयच निघाला नाही. बरं झाल्यावर तिथे ताणलेल्या कातडीचा चकचकीत, फिकट पट्टा राहिला. तो आजही आहे.

हे सगळं मी पुढे अनेक वर्षं गंमत म्हणून सांगत आले. ऑफिसात, मैत्रिणींत. माझी आई इतकी काटकसरी, मोज्यात साबणाचे तुकडे भरायची, हसा. लोक हसायचे. कुणी म्हणायचं, त्या पिढीकडून शिकण्यासारखं आहे. मनगटाची गोष्ट मी त्यात कधी घातली नाही. घातली असती तर कुणी हसलं नसतं.

आता मी सिकंदराबादेत राहते, मोठ्या सोसायटीत, सातव्या मजल्यावर. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून आईबाबा माझ्याकडेच आहेत. गेल्या वर्षी सोसायटीतल्या काही बायकांनी कचरा कमी करायचा म्हणून गट काढला. ओला कचरा वेगळा, कापडी पिशव्या, वापरलेलं तेल मोरीत न ओतता एका पिंपात गोळा करायचं. गट चालवणारी मुलगी पुण्याची, आयटीत नोकरी करणारी, मराठी बोलणारी. लिफ्टमध्ये तिची आणि आईची ओळख झाली. पिंपातल्या तेलाचं काय करणार, असं आईनं विचारलं असावं आणि मग साबणाचा विषय निघाला असावा. दोन दिवसांनी ती मुलगी घरी आली. काकू, रविवारी खालच्या हॉलमध्ये सगळ्यांना करून दाखवाल का, असं तिनं विचारलं.

आई लाजली आणि हो म्हणाली. त्या आठवड्यात तिनं वहीत प्रमाण लिहून काढलं. नवऱ्याच्या, मुलांच्या घरात आयुष्य गेलेल्या बाईला कुणीतरी शिकवायला बोलावत होतं. ती कुठली साडी नेसू म्हणून मला तीनदा विचारून गेली. मला तेव्हाच राग यायला लागला होता, पण तो कुणावर ते समजत नव्हतं. मी तिला म्हटलं, आई, तुला हे करायची काही गरज नाही. ती म्हणाली की गरज कोण म्हणतंय.

रविवारी सकाळी हॉलमध्ये तीसेक माणसं जमली. बहुतेक बायका, तेलुगू बोलणाऱ्या, काही मराठी, काही जुन्या शहरातून इकडे आलेल्या. आईनं टेबलावर सगळं मांडलं होतं. बाबाही आले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. त्यांच्यासाठी पुढे खुर्ची ठेवली गेली, कारण म्हातारा माणूस काठी टेकत आला की कुणीतरी खुर्ची देतंच. आईनं सोडा पाण्यात सोडायला सुरुवात केली आणि बाबांनी बोलायला.

कुणीतरी आदरानं त्यांच्या हातात माइक दिला. मग ते थांबलेच नाहीत. अर्धं तेलुगूत, अर्धं इथल्या हिंदीत. आमच्या घरात तेलाचा एक थेंब कधी फेकला नाही. साबणाचा एक तुकडा नाल्यात गेला नाही. आजकालच्या मुलांना हे कळत नाही. हा साबण करायचं मी हिला शिकवलं. असं ते म्हणाले. मी हिला शिकवलं. आई खाली मान घालून ढवळत होती. लोक माना डोलवत होते. मोबाइलवर बाबांचे व्हिडिओ निघत होते. पुण्याच्या मुलीच्या डोळ्यांत कौतुक होतं, आणि तेही बाबांकडे बघून.

एका बाईनं विचारलं की या साबणानं, या सोड्यानं हातांना काही होत नाही का. प्रश्न आईला होता. बाबांनी माइक तोंडापाशी धरला, दुसऱ्या हातानं आईचा उजवा हात उलथन्यासकट वर उचलला आणि म्हणाले, "देखो, इतने बरस हो गए. कुछ हुआ?"

बांगड्या कोपराकडे सरकल्या. तो पट्टा सगळ्यांसमोर उघडा पडला. समोर बसलेल्यांना तो दिसला का, मला माहीत नाही. लांबून सुरकुतीसारखा दिसत असेल. बाबांनाही दिसला नाही. ज्या हाताबद्दल ते बोलत होते त्याकडे त्यांनी बघितलंच नव्हतं.

मी उभी राहिले. मला खूप बोलायचं होतं, पातेल्याचं, मोरीचं, वर्गातलं. तोंडातून एवढंच निघालं, "बाबा, तुम्ही कुठल्या साबणानं अंघोळ करायचात ते सांगा ना यांना."

मराठी समजणाऱ्या चारपाच जणी वळून बघू लागल्या. बाकीच्यांना सूर समजला. बाबा हसले. गोदामावर चार लोकांत वावरावं लागायचं, म्हणून मला बरा साबण लागायचा, असं त्यांनी हिंदीत सगळ्यांना सांगितलं आणि एक-दोघे हसलेही. मी पुन्हा तोंड उघडलं तेव्हा आईनं मान वर केली.

"तू बस," ती म्हणाली. "हे थांबलं तर फाटेल."

मी बसले नाही. हॉलच्या बाहेर निघून गेले, जिने चढत सात मजले वर आले आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. ते रडणं दुःखाचं नव्हतं. एखादं भांडं फोडावं असं वाटत होतं आणि सगळी भांडी माझीच होती.

तासाभरानं आई वर आली. एकटी. बाबा खाली लोकांशी बोलत बसले होते. मला वाटलं, ती माझ्याजवळ येईल. ती आली ती संतापून. आईला मी चिडलेली फार थोड्या वेळा पाहिली आहे. ती ओरडली नाही, खुर्ची ओढून बसली, हातातली वही टेबलावर ठेवली.

"माझं बोलणं तू बोलू नकोस," ती म्हणाली. "मला बोलायचं असेल तेव्हा मी बोलेन. इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोक माझ्याकडून काहीतरी शिकायला बसले होते. तू त्यांना माझी कीव करायला लावलीस."

मी म्हटलं की ते सगळं स्वतःच्या नावावर घेत होते. ती म्हणाली की ते तिलाही ऐकू येत होतं. मी म्हटलं की त्यांनी तुझा हात असा उचलला, त्या हातावर काय आहे ते त्यांना ठाऊक आहे. त्यावर तिनं जे सांगितलं ते मला आजही पचलेलं नाही. तो हात भाजला त्या दिवशी ढवळणं कुणी थांबवलं नाही, हे मी विसरले नाही, असं ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली.

मी तेरा वर्षांची होते, हे मी तिला म्हणू शकले असते. म्हटलं नाही. कारण तेराची होते तेव्हाचं जाऊ दे, मी अठराची होते तेव्हाही माझी चकती मोडली की तुकडे तिच्या मोज्यात टाकत होते. वीस वर्षांची होते तेव्हाही. एकदाही म्हटलं नाही की आई, आज हा साबण तू घे. बाबांच्या त्या रांगेत मी मुकाट्यानं माझ्या जागी उभी होते, आईच्या एक पाऊल पुढे.

त्या दिवसापासून माझ्या रागाला दोन तोंडं आहेत. बाबांवरचा राग सोपा आहे. स्वतःवरचा कुठे ठेवावा ते समजत नाही.

बाबांशी मी पुढे एकदा बोलले. साबणाचं, दोन पातेल्यांचं, मनगटाचं. ओरडले नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, त्या काळी सगळीकडे असंच होतं. मी म्हटलं, सगळीकडे असेल, पण आपल्या घरात तुम्ही होतात. त्यांनी टीव्हीचा आवाज वाढवला. ते ब्याऐंशीचे आहेत, त्यांच्याकडून आता काही कबूल करून घेणं म्हणजे क्रूरपणा, असं भाऊ फोनवर सांगतो. साबण त्याला माझ्या आधी मिळायचा. त्याच्याशीही मी सध्या कामापुरतंच बोलते.

महिन्याभरानं साबण वाळला. आईनं वड्या कागदात गुंडाळून गटातल्या बायकांना वाटल्या. त्यांनी पुन्हा एकदा शिकवायला बोलावलं, या वेळी ज्यांना खरंच घरी करायचा आहे अशा मोजक्या जणींना. त्या सकाळी बाबा शर्ट घालून, काठी घेऊन दाराशी तयार उभे राहिले. आई चपला घालत होती.

"तुम्ही घरी थांबा," ती म्हणाली. तिनं वर बघितलंही नाही.

बाबा म्हणाले की लोक त्यांची वाट बघत असतील. आई म्हणाली की नाही बघत. आणि गेली. मीही गेले नाही, मला तिनं बोलावलं नव्हतं. बाबा शर्ट घालून दिवसभर सोफ्यावर बसून राहिले, जेवायलाही उठले नाहीत. मी त्यांना पुन्हा जेवायला बोलावलं नाही.

तिथे काय झालं ते पुण्याच्या मुलीनं मला जिन्यात सांगितलं. आईनं सुरुवातीलाच बांगड्या वर सारून सगळ्यांना आपलं मनगट दाखवलं. माझ्याकडे हातमोजे नव्हते, त्याचं हे झालं, म्हणाली. मोजे घाला, चष्मा लावा, सोडा पाण्यात घालायचा, पाणी सोड्यात नाही. उडालंच तर वाहत्या पाण्याखाली हात धरा, वीस मिनिटं तरी, आणि सरळ डॉक्टरकडे जा. साबण गेला तर गेला. कुणीतरी विचारलं की काकू, तुम्ही का करत होतात. आईनं साधं उत्तर दिलं म्हणे. घरात माझ्यासाठी साबण येत नव्हता. एवढं म्हणून ती ढवळायला लागली. मुलगी मला हे सांगताना रडवेली झाली होती. मी तिला म्हटलं, आईसमोर रडू नकोस, तिला ते आवडत नाही.

आता आमच्या घरी तळण झालं की तेल निवल्यावर आई ते थेट बाटलीत भरते आणि खाली पिंपात ओतायला पाठवते. दुसऱ्यांदा कढईत घालत नाही. भाजीला एकच फोडणी होते. एवढं चांगलं तेल एका घाण्यानंतर टाकून द्यायचं, असं बाबा म्हणतात तेव्हा ती कणीक मळत राहते. तिचा राग कधीच निवलाय, किंवा तिनं तो माझ्यापासून लपवायचं ठरवलंय. माझा निवलेला नाही. परवा बाबांनी अंघोळीला जाताना साबण संपल्याचं सांगितलं. कपाटात नव्या वड्या होत्या. मी म्हटलं, तुम्हीच काढून घ्या. ते दाराशी पंचा खांद्यावर टाकून बराच वेळ उभे होते. शेवटी आई उठायला लागली तेव्हा मी तिचा हात धरून तिला खाली बसवलं. तिनं हात सोडवून घेतला, पण उठली नाही.